तीन पुड्या कुजक्या लाकडाच्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि क्याबितेंबे संशोधन केंद्राचे संचालक डॉ. न्याकोजो अमूती, व्यासपीठावरचे माननीय वनाधिकारी, आमच्या गावचे वडीलधारे, शाळेचे मुख्याध्यापक, माझ्याबरोबर जंगलाचा चिखल तुडवलेले सर्व सहकारी, आणि मागं दाराशी उभी असलेली स्वयंपाकघरातली मंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार. चुलीवर हिरव्या केळ्यांचं मातोके चढलंय, हे मला इथपर्यंत वासानं कळतंय. ते करपेल इतकं लांब बोलणार नाही. पण अगदी थोडक्यातही आटपणार नाही. अठ्ठावीस वर्षांत मला या व्यासपीठावर पहिल्यांदाच बोलवलंय, आणि बहुधा शेवटचंच.

अध्यक्षांनी आत्ता माझ्याबद्दल फार चांगलं सांगितलं. ऐकताना मला वाटत होतं, ही कबाहेंदा अड्येरी कोण बाई असेल, भेटायला हवी एकदा. ते म्हणाले, "अड्येरीच्या हातून अठ्ठावीस वर्षांत एकही नमुना हरवला नाही." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. अमूती, तुमचा मान राखून सांगते, ते खरं नाही, तुम्हालाही ठाऊक आहे. तीन हरवले. हरवले नाहीत, मी जाळले. आणि ते सांगण्यासाठीच मी आज हे नवं लुगडं नेसून इथं उभी आहे.

आता तुम्ही चुळबुळ करणार. करा. पण ऐका.

इथल्या नव्या मुलींना माझं काम माहीत आहे, गावच्या मंडळींना ते कधीच कळलं नाही. माझी सासू तर बाजारात सांगायची, "आमची सून माकडाचं उष्टं वाळवते, आणि त्याला पगार देतात!" तसं ते खोटं नव्हतं. आमचे माग काढणारे लोक पहाटेपासून एंगेयेच्या मागं असतात. काळी-पांढरी, पाठीवर झूल पांघरल्यासारखी ती माकडं. कुठल्या माकडानं काय खाल्लं, किती मिनिटं खाल्लं, ते लिहायचं. मग त्याच झाडाचा, त्याच फांदीचा तोच भाग तोडून माझ्याकडं आणायचा. मी तो वजन करून भट्टीत वाळवायची, दळायची, पुडी बांधायची. पुडी समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेत जायची आणि सहा महिन्यांनी उत्तर यायचं. यात प्रथिनं इतकी, चोथा इतका.

मी कामाला लागले तेव्हा माझ्याआधी या केंद्रात एकही बाई नव्हती. तीन महिने बघू, म्हणाले होते. मला झाडाचं नाव येत नव्हतं की पानाचं. ते मला शिकवलं माग काढणाऱ्यांतल्या काहेरू अरालीनं.

इथल्या म्हाताऱ्यांना तो आठवत असेल. उंच, जरा पोक काढून चालणारा, बोलताना डोळा बारीक करणारा. दोन वाजता जंगलातून यायचा आणि माझ्या टेबलावर पाला ओतून उभा राहायचा.

एकदा मी म्हटलं, "अराली, पानंच तर खातात. जंगलात पानांना काय तोटा? हात लांबवला की पोट भरलं."

तो म्हणाला, "पोट तर माझ्या शेळीचंही गोणपाट खाऊन भरतं. एंगेये पोट भरत नाही, अड्येरी. ती निवडते. हे बघ. एकाच झाडाची पानं. ही कोवळी खाल्ली, ही जून तशीच सोडली. शेजारचं झाड त्याच जातीचं, पण त्याला तोंड लावलं नाही. काल वर अंजीर पिकून लगडलं होतं. तुझ्यामाझ्यासारखं कुणी असतं तर संध्याकाळपर्यंत उतरलं नसतं. यांनी थोडं खाल्लं आणि गेली परत पाल्याकडं."

"का?"

"ते तुझ्या पुड्या सांगतील. मी फक्त पाहिलं ते लिहितो."

आणि पुढं उत्तरं येत गेली तसं पुड्यांनी सांगितलं. प्रत्येक वेळी. ज्या पानांवर त्यानं जास्त मिनिटं लिहिली होती, त्यात प्रथिनं जास्त निघायची आणि चोथा कमी. शाळा त्यानं चौथीत सोडली होती. त्याचा कागद आणि प्रयोगशाळेचा कागद शेजारी ठेवला, की मला दर वेळी वाटायचं, दोघांनी आधी भेटून ठरवलंय काय!

पश्चिमेच्या कड्यावर अकरा एंगेयेंचा एक कळप होता. त्यात एक फाटक्या कानाची मादी होती, तिच्या पोटाशी पांढरंशुभ्र पिल्लू. त्या वर्षी ती काहीतरी वेगळंच करू लागली. तुम्हाला माहीत आहे, एंगेये जमिनीवर यायला किती बिचकते. पण ही उतरायची. केंद्राच्या वाटेवर एक मेलेलं झाड कललेलं होतं, खालून पार कुजलेलं. ती त्याच्या बुंध्याला पंजे लावून बसायची आणि ते लाकूड कुरतडून खायची. अरालीनं कागदावर लिहिलं, "कुजकं लाकूड, एकोणीस मिनिटं." दुसऱ्या दिवशी, "कुजकं लाकूड, बावीस मिनिटं." मग बाकीचीही येऊ लागली.

त्यानं माझ्याकडं त्या लाकडाची पुडी आणली. मी म्हटलं, "अहो, हे काय? हे काय खाणं आहे?"

तो म्हणाला, "अब्वोलीला विचार." अब्वोली म्हणजे त्याची बायको. "चौथ्या वेळी दिवस गेले होते तेव्हा वारुळाची माती फोडून खायची. मी ओरडायचो. ती म्हणायची, मला नको आहे रे, आतल्याला हवी आहे. आणि आपले आजे-पणजे काट्वेच्या तळ्यापर्यंत चार-चार दिवस चालत कशाला जायचे? मिठासाठीच ना? मग हिनं चार पावलं जमिनीवर टाकली तर काय बिघडलं? या पाल्यात सगळं आहे, मीठ नाही. मी जिभेवर लावून पाहिलंय ते लाकूड. तू वाळव, दळ, पाठव."

अशा तीन पुड्या त्यानं मला दिल्या.

त्या वेळी डॉ. हॅलम संचालक होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. वाईट असते तर आजचं माझं भाषण सोपं झालं असतं. फार शिस्तीचे, शब्दाला पक्के, आमच्या पोरांच्या तापाला स्वतःची औषधं देणारे. त्यांनी खाद्यांची एक यादी केली होती. त्या यादीत जे असेल तेच वाळवायचं, कारण भट्टी लहान आणि वीज जनरेटरची. कुजकं लाकूड यादीत नव्हतं. एके दिवशी माझ्या दारावर सूचना लागली: यादीबाहेरचं सगळं शुक्रवारपर्यंत काढून टाका.

मी काढून टाकलं. अरालीला विचारायला हवं होतं, तो तर जंगलातच होता, दोन वाजता येणारच होता. मी थांबले नाही. चहाचं आधण ठेवायचं होतं. तिन्ही पुड्या चुलीत घातल्या.

दोन आठवड्यांनी मला हॅलमसाहेबांच्या खोलीत बोलावलं. आत अराली उभा होता. टेबलावर त्याचे कागद. झालं होतं असं, की परदेशातून आलेला एक विद्यार्थीही त्याच कळपामागं होता, वरच्या धारेवरून दुर्बीण लावून. जिथं अरालीनं "कुजकं लाकूड" लिहिलं होतं, तिथं त्यानं लिहिलं होतं, "जमिनीवर विश्रांती." एक नाही, एकसष्ट नोंदी. साहेबांना वाटलं, हा माणूस जंगलात जातच नाही. घरी बसून मनाला येईल ते लिहितो.

साहेब त्याला म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं असेल तर नमुने कुठं आहेत?"

"अड्येरीकडं दिलेत. तीन."

साहेब माझ्याकडं वळले. "अड्येरी, यांनी तुम्हाला कुजक्या लाकडाचे नमुने दिले होते का?"

मंडळी, त्या क्षणाला मी किती वेळा परत गेले असेन! काय बोलायचं होतं? "हो, दिले होते, आणि मी जाळले." एवढंच. पण माझे तीन महिने संपायला नऊ दिवस उरले होते. सूचनेत 'काढून टाका' होतं, 'जाळा' नव्हतं, आणि नमुना नष्ट केला म्हणून माझ्या आधीच्या माणसाला हाकललं होतं. घरी सासू बसली होती, ही कधी परत येते आणि कशी तोंडघशी पडते ते बघायला. ही कारणं आहेत. मी ती तुम्हाला सांगतेय, पण ती पुरी पडतात असं म्हणत नाही.

मी म्हटलं, "नाही साहेब."

अरालीनं माझ्याकडं पाहिलं. त्याला समजलं. त्या माणसाला माकडाच्या जबड्यावरून पान कुठलं ते कळायचं, माझा चेहरा त्याला कळणार नाही? तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो साहेबांना म्हणाला, "ती नवीन आहे, साहेब. मीच भलतीकडं ठेवल्या असतील. तिचा दोष नाही."

त्या दिवशी त्याचं काम गेलं. एकोणीस वर्षांचं काम. साहेबांनी त्याच्या त्या सगळ्या कागदांवर लाल पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला, "अविश्वसनीय", आणि कपाटात ठेवले. सवयच होती त्यांना, काही फेकायचे नाहीत. फेकायची सवय माझी.

मग महिन्याभरात ते कललेलं झाड वाटेवर पडेल म्हणून तोडलं. अरालीनं निरोप पाठवला होता, झाड ठेवा, दोर लावून बांधा, पण तोडू नका. कामावरून काढलेल्या माणसाचा निरोप कोण ऐकतो, आणि त्याच्या शब्दावरून लाकडाचा नवा तुकडा कोण उचलतो? वरचं वाळकं लाकूड आमच्याच स्वयंपाकघरात जळलं. बुंध्याचा कुजका भुगा उतारावरून खाली लोटला, पहिल्याच मोठ्या पावसात वाहून गेला.

तेव्हा कळपानं काय करावं? तशी दुसरी झाडं शोधली असतील त्यांनी, पण प्रत्येक कुजलेल्या झाडात ते मीठ नसतं. ती जंगलाबाहेर पडली. चहाच्या मळ्यापलीकडं मळेवाल्यांची निलगिरी आहे, तिची साल सोलून खाऊ लागली. निलगिरीपर्यंत जायचं तर मधे चहा. कमरेएवढी झुडपं, वर चढायला एक फांदी नाही. आणि मळ्याच्या राखणदारांची कुत्री. चार महिन्यांत अकरातली सहा गेली. फाटक्या कानाची गेली. पिल्लाचं काय झालं ते मी लिहून ठेवलेलं आहे, आज जेवणाआधी सांगत नाही.

तिचं पोट माझ्या टेबलावर आलं. आता सगळं नियमात होतं, अर्ज भरलेला, क्रमांक घातलेला. आत निलगिरीची साल होती. मी वजन केलं, वाळवलं, दळलं, पुडी बांधली. साल यादीत आली होती. यादीत यायला सहा जीव लागले.

या वेळी उत्तर यायला चौदा महिने लागले. हॅलमसाहेब कागद हलवत माझ्या खोलीत धावत आले. "सोडियम, अड्येरी! पाल्यात जवळजवळ काहीच नाही, आणि या सालीत कितीतरी पट! मिठासाठी जात होती ती!" मग एकदम थांबले. कपाटाकडं गेले आणि ते लाल पेन्सिलीचे कागद काढून उभ्या-उभ्या वाचू लागले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हा माणूस... कदाचित खरं सांगत होता. त्या लाकडाचा एक तुकडा जरी असता ना! एक तुकडा! पण नमुन्याशिवाय मी काय छापू?"

मी तिथंच होते. हातात चाळणी होती. मी चाळत राहिले.

नंतर सालीवरचा निबंध छापून आला, तुमच्यापैकी कित्येकांनी वाचला असेल. त्यात लाकूड नाही. अराली नाही. शेवटी "नमुना-विभागाच्या काटेकोर कामाबद्दल" माझे आभार आहेत.

तो निबंध आला त्या आठवड्यात मी अरालीच्या घरी गेले. टेकडीपलीकडं, तासाभराची वाट. तो केळीला माती लावत होता. अब्वोलीनं मला बस म्हटलं, नाचणीचा करो वाढला, सोललेल्या घेवड्याची फिरिंदा वाढली. त्यानं जेवू दिलं. मग विचारलं, "पुड्यांचं काय केलंस?"

"चुलीत घातल्या."

तो जरा हसला. "त्या दिवशी चहा खारट लागला असेल."

मला रडू फुटलं. तो म्हणाला, "रडू नको. सांगितलंस का हॅलमला?"

"अजून नाही."

"अजून नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी तू नवीन होतीस म्हणून मी गप्प बसलो. वाटलं, पोर घाबरलीय, चार दिवसांनी आपणहून सांगेल. मी इथं चार दिवस वाटेकडं बघत बसलो होतो, अड्येरी. मग महिना. पण माणूस नवीन किती वर्षं राहतो गं?"

मी म्हटलं, "सोमवारी सांगते."

सोमवारी साहेबांनी मला बोलावून कायम नोकरीचं पत्र दिलं. हस्तांदोलन केलं. ते पत्र घेऊन मी बाहेर आले. बस्स, एवढंच घडलं. कुणी मला धमकावलं नाही, कुणी तोंड दाबलं नाही. पुढं साहेब मायदेशी गेले, काही वर्षांनी वारले. मी त्या टेकडीची वाट टाळू लागले. बाजारात अब्वोली दिसली तर दुसऱ्या रांगेत शिरायची. अशी पंचवीस वर्षं काढता येतात, मंडळी. काढायला काहीच कष्ट पडत नाहीत, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मागच्या महिन्यात निवृत्तीचा कागद हातात आला तेव्हा मी अमूतींना एक अर्ज दिला. सगळं लिहिलं. त्या एकसष्ट नोंदींवरचा तो शब्द खोडावा, अशी विनंती केली. अमूती, तुम्ही मला चहा पाजलात, सगळं ऐकलंत, समितीपुढं ठेवलंत. मी तुम्हाला दोष देत नाही. समितीनं नियमानं उत्तर दिलं: शेरा लिहिणारे संचालक हयात नाहीत, नमुने उपलब्ध नाहीत, इतक्या वर्षांनी केवळ कबुलीवरून जुन्या नोंदी बदलता येत नाहीत. बरोबर आहे. नमुने उपलब्ध नाहीत. का उपलब्ध नाहीत, ते मलाच ठाऊक आहे.

ते उत्तर घेऊन मी अरालीकडं गेले. अब्वोली आता नाही, दोन वर्षांपूर्वी गेली. तो अंगणात बसला होता, डोळ्यांत फूल पडलंय. मी जवळ जाऊन म्हटलं, "अराली, मी आलेय."

तो म्हणाला, "कबाहेंदा का?"

व्यासपीठावरच्या पाहुण्यांना कदाचित कल्पना नसेल. आमच्यात मायेचं म्हणून एक नाव असतं, माझं अड्येरी. परकासुद्धा ते विचारून घेतो आणि त्याच नावानं हाक मारतो. ते टाकून नुसतं ठेवलेलं नाव घेणं म्हणजे माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करणं. त्यानं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, पण ते नाव दिलं नाही.

मी समितीचं उत्तर वाचून दाखवलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मी म्हटलं, "अराली, मी निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्ही या. मला माफ करा."

त्याचं माझ्या माफीकडं लक्षच नव्हतं. त्यानं विचारलं, "पश्चिमेच्या कड्यावर किती उरल्यात?"

"तीन दिसतात."

"त्यात मादी?"

"एक. पिल्लू आहे पोटाशी."

तो पुढं झुकला. डोळा तसाच बारीक केला, दिसत नसताना. "मग ती मिठाला कुठं जाते आता? काय खाते?"

मी म्हटलं, "ठाऊक नाही. त्या कळपामागं आता कुणी जात नाही. पैसे दुसऱ्या कामाला आहेत."

त्यानं काठी चाचपली, उठला आणि आत गेला. मी अंधार पडायच्या आत परतायचं म्हणून निघाले. आत हालचाल ऐकू येत होती, पण तो बाहेर आला नाही. आज आलेला नाही. त्याची खुर्ची ठेवा असं मी सांगितलं होतं, ती पहिल्या रांगेत कडेला आहे. तिच्यावर आता कुणीतरी पिशवी ठेवलीय. राहू द्या.

असो. अध्यक्षमहाराज, आपण मला बोलू दिलंत, मधे घंटा वाजवली नाहीत, त्याबद्दल आभार. वनाधिकारीसाहेब लांबून आले, त्यांचे आभार. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून ही भिंतीवरच्या घड्याळाची भेट दिली, स्वयंपाकघरानं पहाटेपासून राबून जेवण केलं, तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, एखादं नाव मागंपुढं झालं असेल, कुणाच्या जेवणाची चव गेली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. दुसऱ्या गोष्टीसाठी मी तुमच्याकडं क्षमा मागत नाही. ती मी ज्याच्याकडं मागायची त्याच्याकडं मागितली, आणि त्यानं दिली नाही.

चला, पानं वाढलीत. जेवून घ्या.